गळतीअप्पांचा टेप

गळतीअप्पा रानात पालथे पडत आणि काठीचे एक टोक दातांत घट्ट धरत. दुसरे टोक त्यांनी आधीच जमिनीत चार बोटे रोवलेले असे. डोळे मिटलेले, टोपी काढून बाजूच्या ढेकळावर ठेवलेली. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा चक्कर येऊन पडला. कुणी पाणी घेऊन धावलेच तर अप्पा डोळे न उघडता हातानेच ‘थांब’ म्हणत. मग उठून कपड्यांची माती झटकत आणि काठी आणखी पुढे नेऊन रोवत. चार-पाच ठिकाणी असे झाले की टाचेने जमिनीवर एक रेघ मारत आणि म्हणत, “हितं उकरा.” उकरले की तीन फुटांवर चिखल लागे आणि चिखलात फुटका पाइप.

आमच्या धारूरकडे विहिरी खाली दरीत आणि राने वर माळावर. पाणी वर चढवायचे म्हणजे पाइपावर जोर येणार आणि जोर आला की कुठला ना कुठला सांधा सुटणार. त्यामुळे अप्पांना बाराही महिने काम असे. त्यांचे खरे नाव गुरुलिंगअप्पा. ते सातबाऱ्यावर होते आणि पुढे दवाखान्याच्या कागदांवर आले. एरवी सगळा तालुका त्यांना गळतीअप्पाच म्हणे, आणि त्यांनाही त्यात काही वावगे वाटत नसे. काठी दातांत का धरता, असे मी एकदा विचारले. “कानात वारं घुसतं,” ते म्हणाले. “दाताला वारं ऐकू येत न्हाई, पाणीच ऐकू येतं.”

मी पाटबंधारे खात्यात कारकून. तलावातल्या पट्टीवर पाणी कितीला टेकले ते रोज सकाळी आठ वाजता वाचायचे आणि नोंदवायचे, हे माझे काम. अप्पा आमच्या मागच्या गल्लीत राहत. माझे नाव त्यांना चांगले माहीत होते, पण हाक नेहमी एकच, “ओ पट्टीवाले!” मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही, हा माझा स्वभाव. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर रानात जाऊ लागलो आणि त्यांची टाचेची रेघ नि प्रत्यक्ष फुटलेली जागा यांतले अंतर एका वहीत लिहू लागलो. एकेचाळीस गळत्या लिहिल्या. अडतीस वेळा फरक हातभराच्या आत होता. हा हिशेब मी मोठ्या कौतुकाने त्यांना वाचून दाखवला. ते बिडी शिलगावत म्हणाले, “आन् त्या तीन कुणाच्या? माझ्याच ना? त्याच वाचा. बाकीच्या मला ठावं हायेत.”

दुरुस्ती झाली तरी अप्पा चर बुजवू देत नसत. एक अख्खा दिवस पाणी फिरले पाहिजे, सांधा डोळ्यांसमोर कोरडा राहिला पाहिजे, मगच माती. एका पुढाऱ्याच्या रानात नव्या पाइपलाइनचे उद्घाटन होते. वरून कुणी मोठे साहेब येणार होते. आदल्या दिवशी पुढाऱ्याचा माणूस फावडे घेतलेली चार माणसे घेऊन आला. अप्पा चरात उतरले आणि पाइपावर मांडी घालून बसले.

“निघ बे अप्पा, बुजवू दे. उद्या साहेब येणार हायेत.”

“येऊ दे की. चर बघत्याल.”

“चर कावून बघतील? फीत कापायला येणार हायेत ते!”

“मग फीत चरावरून बांधा. पर माती पडणार न्हाई. बुजवलं की दिसत न्हाई, आन् दिसंना की तुमी म्हणनार गळतच न्हाई. बुजवायची घाई करू नका.”

माणसांनी अप्पांना दोन्ही बगलांत हात घालून वर काढले आणि चर बुजवला. दुसऱ्या दिवशी मोटार सुरू झाली, टाळ्या झाल्या, आणि बरोबर मांडवापुढेच जमिनीतून चिखलाची चिळकांडी उडाली. साहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर ती कमरेपर्यंत चढली. अप्पा मांडवाच्या मागे शेंगा खात बसले होते. ते हसले नाहीत. काठी घेऊन उठले आणि कामाला लागले. त्यानंतर त्या पुढाऱ्याने दुसऱ्या कुणाला आपल्या रानात पाइपाला हात लावू दिला नाही.

त्यांचा दुसरा नेम टेपाचा. अप्पांकडे एक लोखंडी टेप होता. त्याच्या सुरुवातीच्या तीन इंचांचा तुकडा कधीच मोडून गेला होता. ते सगळे माप चौथ्या इंचापासून धरत आणि शेवटी तीन वजा करत. एका संक्रांतीला मी त्यांना नवा टेप दिला. पुढच्या आठवड्यात गेलो तर तो त्यांच्या अंगणात, दोन खांबांना ताणून बांधलेला. त्यावर काकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोने, घेवड्याचा वेल चढवला होता. मी जरा नाराज झालो.

“नाराज नगा होऊ,” अप्पा म्हणाले. “लिंबागणेशला गेलतो, तवाची गोष्ट. चर माझ्या टेपानं मोजला आन् पाइप दुकानदारानं त्याच्या टेपानं कापला. दोन्ही टेप खरे. तरी पाइप चार इंच तोकडा. तवापासून एक चर, एक टेप. दोन टेपांनी एक चर मोजायचा न्हाई. एकच मोडका असला तरी चालतो, त्याची मोड आपल्याला ठावं असती.”

हे मी लिहून ठेवलेले आहे. वहीच्या मागच्या पानावर, माझ्याच अक्षरात.

अप्पांचा एकुलता मुलगा विश्वनाथ पुण्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता. कारखान्याने परदेशी कंपनीशी भागीदारी केली आणि कामगारांच्या आईबापांचाही विमा सुरू झाला. त्याच सुमारास अप्पांना मुतखड्याची कळ आली. बीडला सोनोग्राफी केली. खडा लहान निघाला, पण तपासणाऱ्या डॉक्टरांनी यंत्र बेंबीपाशी पुन्हा पुन्हा फिरवले आणि म्हणाले, पुण्याला जा, उशीर करू नका. काळजाकडून पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी फुगली होती. ती वीसेक मिलिमीटर रुंद असायला हवी, अप्पांची एकोणसाठ होती. फुटली असती तर गावाबाहेर पडेपर्यंतही वेळ मिळाला नसता.

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडले नाही. बिड्यांनी फुप्फुसे निकामी होत आली होती. त्यांनी जांघेतून एक बारीक गुंडाळलेली नळी वर सरकवली आणि फुग्याच्या आत उघडून बसवली. हे तेव्हा नवे होते. पाचव्या दिवशी अप्पा घरी आले आणि अंगणातल्या धुळीत काडीने चित्र काढून मला समजावू लागले. “हा जुना पाइप, हितं फुगलेला. आतनं ही नवी नळी. आता पाणी नव्या नळीतनं जातं, जुन्यावर जोर न्हाई. आपण फुटक्या पाइपात सिलीव, म्हंजी आतली नळी, घालतो तसंच. मोट्या डाक्तरानं आपलाच धंदा धरला!” काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “पुसा ते चित्र. अंगणात कसलं पोट काढून ठिवलंय.”

पण अप्पा पुसता पुसता थांबले; त्या चित्रात त्यांना काहीतरी खटकले होते. पहिल्या तपासणीला मी बरोबर होतो, कारण विश्वनाथला रजा नव्हती. तिथे अप्पांनी डॉक्टरांना विचारले, “साहेब, वरचा सांधा बसला, खालचे दोन बसले. पर त्या जुन्या फुगलेल्या पाइपाला बाजूनं बारीक फाटे असत्याल की. तिकडनं पाणी उलटं आत यील. त्याचं काय केलं?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. “तुम्ही काय काम करता?”

“गळत्या काढतो.”

डॉक्टर मोकळेपणी हसले. म्हणाले, “अगदी हाच प्रकार आहे. पाठीच्या कण्याकडे जाणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. त्यांतून रक्त उलटे फुग्यात येते. बहुतेकांचे आपोआप गोठते. तुमचे ठिबकते आहे. लक्ष ठेवावे लागेल.”

लक्ष ठेवण्याचे काम मी अंगावर घेतले. नवी वही केली. रंग टाकून काढलेल्या सीटी स्कॅनवरून फुग्याची रुंदी मी उतरवू लागलो. पहिल्या महिन्यात एकोणसाठ. सहा महिन्यांनी एकोणसाठ. वर्षाने एकसष्ट. मग चौसष्ट. दोनदा बारीक तारा आत घालून त्या बारीक वाहिन्यांची तोंडे बुजवण्याचा प्रयत्न झाला. एक तोंड बंद झाले, बाकीची ठिबकतच राहिली. तिसऱ्या वर्षी आकडा सदुसष्ट आला आणि डॉक्टरांनी आम्हा तिघांना, म्हणजे अप्पा, विश्वनाथ आणि मला, समोर बसवले.

“आता पोट उघडावे लागेल,” ते म्हणाले. “फुग्याला चीर द्यायची, आतून जी तोंडे ठिबकताहेत त्यांना एकेक टाका मारायचा आणि फुगा आवळून शिवायचा. आतली नळी चांगली बसलेली आहे, तिला हात लावायचा नाही. म्हणजे मोठी रक्तवाहिनी चिमटा लावून बंद करावी लागणार नाही, मूत्रपिंडांना धक्का नाही. तुमची फुप्फुसे अशक्त आहेत, धोका आहेच. पण आत्ता झेपेल. फुगा आणखी वाढला तर वरचा सांधा सुटेल. मग ती नळीच काढावी लागेल आणि ते फार मोठे काम होईल.”

दीड महिन्यानंतरची तारीख ठरली. परतीच्या वाटेवर अप्पा सारखे सदऱ्यावरून पोट चाचपत होते. मी त्यांना इतक्या वर्षांत घाबरलेले पाहिले नव्हते. जोरात पाणी चालू असलेल्या चरात ते गुडघाभर उतरत. पण पोट उकलणार, हे त्यांच्या मनातून जात नव्हते. घरी आल्यावर ते काकूंना म्हणाले, “जांघेतनं सिलीव घातली तवा बरं होतं. आता आख्खा चर उकरणार म्हणं.” आणि मग दोन दिवस अंगणात बसून राहिले.

त्या दीड महिन्यात पुन्हा खड्याची कळ आली आणि काकू त्यांना बीडला घेऊन गेल्या. तिथे सोनोग्राफी झाली. परत आल्यावर अप्पा सरळ माझ्याकडे आले. हातात दोन कागद. एक पुण्याचा, एक बीडचा.

“पट्टीवाले, ह्यात आकडा काय हाय बघा बरं.”

बीडच्या कागदावर फुग्याची रुंदी त्रेसष्ट मिलिमीटर लिहिली होती. मी पुण्याचा कागद पाहिला, सदुसष्ट. पुन्हा बीडचा पाहिला. वजाबाकी करायला मला वही लागली नाही.

“अप्पा, चार मिलिमीटर कमी झालंय!”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी विसरू शकत नाही. त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याआधी त्यांनी एक प्रश्न विचारला.

“टेप एकच हाय ना?”

आणि मी हसलो. मी, रोज पट्टी वाचणारा माणूस. आमच्या तलावातली जुनी पट्टी काढून नवी बसवली तेव्हा दोन्ही पट्ट्या पंधरा दिवस शेजारी ठेवून वाचायला लावणारा मीच होतो. मी हसून म्हणालो, “अप्पा, मिलिमीटर म्हणजे मिलिमीटर. तो पुण्यात एक आणि बीडला एक असा नसतो.”

“तुमी म्हणता तर हाय,” अप्पा म्हणाले. आणि त्यांचा चेहरा असा सैल झाला की माझ्या बायकोने त्यांना जेवायला बसवले. ते दोन भाकरी जेवले.

तेव्हा मोबाइल नवे होते आणि आमच्या गावात किल्ल्याच्या बाजूलाच रेंज मिळे. मी आणि अप्पा किल्ल्याच्या चढावर गेलो आणि विश्वनाथला कळवले. त्याने डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांचा निरोप आला की तरीही या, सीटी स्कॅन पुन्हा काढू. हा निरोप मला मिळाला होता. मी तो अप्पांना सांगितला. पण कसा सांगितला, तेही सांगायला हवे. मी म्हणालो, “डॉक्टर खात्री करायला बोलावतायत. काळजीचं काही नाही.” अप्पा म्हणाले, “मग सीताफळाचा हंगाम जाऊ द्या.” तारीख पुढे गेली. मी अडवले नाही. माझ्या वहीत सदुसष्टच्या खाली त्रेसष्ट लिहिलेले होते आणि पुढे कंसात माझा शेरा होता, ‘उतार’.

दोन महिन्यांनी बीडला पुन्हा सोनोग्राफी करवली, माझ्याच आग्रहाने. चौसष्ट. एका मिलिमीटरचा फरक मोजण्यातला असतो, असे मी सगळ्यांना सांगितले.

हंगाम संपत आला असताना एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर अप्पा भिंतीला टेकून बसले होते. सदरा वर केलेला. काठी आडवी, एक टोक बेंबीच्या वर टेकवलेले, दुसरे दातांत. डोळे मिटलेले. मला वाटले, म्हाताऱ्याने गंमत मांडली आहे.

“काय अप्पा, लागली का गळती?”

त्यांनी काठी दातांतून काढली. गंमत नव्हती. “वाजतंय,” ते म्हणाले. “आदी बारीक वाजायचं, ठिबकल्यावानी. आता वरचा सांधा वाजतोय.”

काठीतून त्यांना खरोखर काय ऐकू येत होते, मला माहीत नाही. डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पण रानात ज्या माणसाच्या अडतीस गळत्या हातभराच्या आत मी स्वतः मोजल्या होत्या, तो माणूस मला जागा दाखवत होता. मी घरी गेलो, वही घेऊन आलो आणि त्यांना आकडे दाखवले. सदुसष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. “हे बघा. वाढलं असतं तर इथं दिसलं असतं.”

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “पट्टीवाले भाऊ लिहून दावायलेत, तरी तुमचं आपलं काठी घिऊन बसनं.”

अप्पांनी वहीकडे पाहिले, काठीकडे पाहिले आणि काठी कोपऱ्यात उभी करून ठेवली.

त्यानंतर सोळा दिवसांनी सकाळी त्यांच्या पाठीत दुखू लागले. जीपने पुणे गाठायला आठ तास लागले. वाटेभर ते माझा हात धरून होते आणि मधूनमधून विचारत, “किती आलं?” मी मैलाचा दगड वाचून सांगे.

सीटी स्कॅनचा आकडा आला अठ्ठ्याहत्तर. वरचा सांधा सुटला होता. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले. नळीचे वरचे तोंड आणि भिंत यांच्यामध्ये पांढरी धार सरळ फुग्यात उतरत होती. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारले, त्रेसष्टचे अठ्ठ्याहत्तर चार महिन्यांत कसे झाले?

त्यांनी वही वाचली. त्यांचा आवाज चढला नाही. “ही सोनोग्राफी आहे आणि हा सीटी,” ते म्हणाले. “सोनोग्राफी बरेचदा कमी दाखवते. हे दोन आकडे एकाखाली एक लिहायचे नसतात. त्या दिवशीही सीटी काढला असता तर सदुसष्ट किंवा जास्तच आले असते.”

मग त्यांनी पुढचे सांगितले. आता टाके मारून भागणार नाही. सगळी नळी काढायची, कापडाची नवी नळी शिवायची. त्यासाठी मोठी रक्तवाहिनी मूत्रपिंडांच्याही वर चिमटा लावून बंद ठेवावी लागेल. जमेल का, असे विश्वनाथने विचारले. “न करता काही तास किंवा दिवस,” डॉक्टर म्हणाले. “करून, प्रयत्न.”

मी अप्पांना सांगायचे ठरवले. सांगितल्याशिवाय त्यांना आत जाऊ देणे मला शक्य नव्हते. नर्सने त्यांच्या गळ्यातले इष्टलिंग काढायला सांगितले होते आणि ते तयार नव्हते. शेवटी काकूंनी ते आपल्या गळ्यात घातले. काकू बाहेर गेल्यावर मी खाटेजवळ बसलो.

“अप्पा, टेप दोन होते,” मी म्हणालो. “तुम्ही विचारलं होतं. मी चूक सांगितलं.”

त्यांना बोलायला दम पुरत नव्हता.

“मला वाटलंच हुतं,” ते म्हणाले. “मिशीनं येगळी हुती. बीडचं येगळं, हितलं येगळं. आडानी हाय का मी?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो की. इचारलं. तुमी न्हाई म्हणला.” ते थांबले. “आन् मला बी तेच ऐकायचं हुतं, पट्टीवाले. पोट उकलायचं न्हाई, हे कुणीतरी आकड्यात सांगाया पायजे हुतं. तुमी सांगितलं. दोगांना बी बुजवायची घाई झालती.”

मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, “सोडा, गुदगुल्या हुत्यात.” वॉर्डबॉय खाट ढकलत घेऊन गेला. दारापाशी त्यांनी एवढेच विचारले, “आतली सिलीव काढली की मला दाखवत्याल का?”

शस्त्रक्रिया साडेसात तास चालली. रक्तवाहिनी मूत्रपिंडांच्या वर एकेचाळीस मिनिटे बंद होती. हा आकडा मी विचारून घेतला. का घेतला, माहीत नाही. आकडा ऐकल्यावर मला माझ्या पहिल्या वहीतल्या एकेचाळीस गळत्या आठवल्या आणि तिथून उठावे लागले. दुसऱ्या दिवसापासून लघवी झाली नाही. डायलिसिस लावले. फुप्फुसे यंत्रावरून सुटेनात. अप्पा पुन्हा शुद्धीवर आले नाहीत, त्यामुळे ती काढलेली नळी त्यांना कुणी दाखवली नाही. मला दाखवली. काळपट, आखडलेली, जाळीच्या तारा एका बाजूने वाकलेल्या. वरचे तोंड फाकलेले. अप्पांनी काठीचे टोक टेकवले होते, ती जागा मी मनाशी ताडून पाहिली. हातभर तर सोडाच, चार बोटांचाही फरक नव्हता.

अकराव्या दिवशी ते गेले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “गळती पूर्ण थांबली होती. शरीराने साथ दिली नाही.” त्यांनी समजूत म्हणूनच सांगितले असेल. दीड महिन्यानंतरच्या त्या पहिल्या तारखेला आम्ही आलो असतो तर काय झाले असते, हे मी त्यांना विचारले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि ते वॉर्डात परत गेले. मी आकड्यांचा माणूस आहे, तरी त्या हाताचा अर्थ मला कळला.

अप्पांच्या लोकांत, लिंगायतांत, पुरतात. माणूस मांडी घालून बसवतात. त्यांच्याच रानात, विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा खणला होता. स्वामी आले होते. कपाळाला भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन अप्पांना बसवले तेव्हा ते चरात बसून पुढाऱ्याच्या माणसाशी हुज्जत घालत होते तसेच दिसले. बेलाची पाने पडली. ऊन चढू लागले होते. माणसे लांबलांबून आली होती आणि त्यांना परत जायचे होते. मागून कुणीतरी म्हणाले, “चला, आटपा. बुजवा आता.”

“थांबा,” मी म्हणालो.

सगळे थांबले. फावडी हातांत तशीच राहिली. विश्वनाथ माझ्याकडे पाहू लागला. “काय झालं काका? काही राहिलंय का?”

मी खड्ड्याच्या काठाशी जाऊन एकदा आत पाहिले. मग नाही म्हणून मान हलवली आणि माती पडू लागली.

काठी काकूंनी त्यांच्याबरोबरच ठेवली होती. टेप मला दिला. त्यांनी तो का दिला, हे मी विचारले नाही, त्यांना दोन टेपांचे काही कळलेले होते की नाही हेही मला माहीत नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात असतो. कचेरीत मी आता प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या साधनाने घेतला ते लिहितो. साहेब म्हणतात, इतके कोण वाचणार? खरे आहे, कुणी वाचत नाही.

अप्पांच्या आजाराची वहीही तिथेच आहे. शेवटच्या पानावर सदुसष्टच्या खाली त्रेसष्ट अजून तसेच आहे. मी ते खोडले नाही. खोडले तर दिसणार नाही.